गोष्ट कोणाच्या तोंडची?

बोरखेडी गेलं की माझी माणसं बोलायला लागतात. सिंदीहून सकाळची गाडी सुटते तेव्हा डब्यात आधी जागेवरून कुरकुर, मग पिशव्या वर टाकणं, कोणाचं पोट्टं रडतंय, कोणाचा फोन लागत नाही. बोरखेडीपर्यंत सगळं स्थिरस्थावर होतं. पुढे बुटीबोरी, गुमगाव, खापरी, अजनी आणि नागपूर. बुटीबोरीला एमआयडीसीत जाणारे उतरले की खिडकीची जागा मिळते आणि वही मांडीवर येते. नागपूरच्या एका कचेरीत मी हिशेबाचं काम करते, कित्येक वर्षं अपडाऊन करते, आणि माझ्या जवळजवळ सगळ्या कथा या पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात लिहून झाल्या आहेत. वर्ध्याला लागून एक सिंदी (मेघे) आहे, तिच्याशी घोळ होऊ नये म्हणून आमच्या गावापुढे कंसात रेल्वे लिहितात. माझ्या लिखाणालाही हीच खूण शोभते असं मला मनापासून वाटतं.

वर्ध्याला २०२३ च्या फेब्रुवारीत ९६वं साहित्य संमेलन भरलं होतं. तिथे पुस्तकांच्या दालनांतून हिंडताना कॉलेजातल्या मुलामुलींशी खूप बोलणं झालं. प्रश्न ठरलेले. ताई, रोज किती वाजता लिहायला बसता? आधी शेवट ठरवता का? पात्रांची नावं कुठून आणता? मोबाइलवर लिहिता की कागदावर? या प्रश्नांच्या मागे एक समजूत असते की, कथा-कादंबरी लिहिण्याची कुठेतरी एकच खरी रीत आहे, ती मोठ्या लेखकांना ठाऊक आहे, आणि आपल्याला ती कोणी सांगत नाही म्हणून आपली गोष्ट चौथ्या पानावर अडते.

मोठ्या लेखकांकडे बघितलं तर काय दिसतं? एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपालखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवायचा आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द उतरवायचा. कामानिमित्त फिरती असायची, म्हणून आगगाडीत मांडीवर फळी ठेवून पेन्सिलीने लिहायचा आणि बायको नंतर त्याची स्वच्छ नक्कल करायची. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र आलं, त्यात त्याने हा सगळा हिशेब उघड मांडला. लिहिणाऱ्याने असं घड्याळ लावून लिहावं हे पुष्कळांना रुचलं नाही. आगगाडीत लिहिणारी म्हणून मला मात्र त्याच्याबद्दल फार आपुलकी आहे.

दुसऱ्या टोकाला काफ्का. त्याने ‘निवाडा’ ही कथा १९१२ च्या सप्टेंबरात एका रात्री, दहा ते सकाळी सहा, एका बैठकीत लिहिली. आपल्याकडे साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत चार-पाच दिवसांत लिहून काढला. भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत ‘कोसला’ काही आठवड्यांत लिहिली, ती १९६३ ला आली; त्यांचीच ‘हिंदू’ वाचकांच्या हाती पडायला २०१० उजाडलं.

आता यातली रीत कोणती घ्यायची? कोणतीच जशीच्या तशी घेता येत नाही, कारण आपल्याला दिसतो तो शेवटचा टप्पा. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे, वसतिगृह सांभाळायचे, मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. मुलांपुढे बसून सांगायचं कसं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे अनेक वर्षं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. ‘श्यामची आई’ रात्रीरात्रींनी सांगितली जाते ते उगाच नाही. तुरुंगातले ते दिवस म्हणजे आधी बोलून झालेलं कागदावर येणं होतं, असं मी मानते. उद्या कोणी पाच दिवसांची रजा काढून लॉजवर जाऊन बसला तर त्याला पाच दिवस मिळतील, त्यामागची वर्षं मिळणार नाहीत.

मला वाटतं, आपली रीत शोधायची असेल तर वेळेचा प्रश्न बाजूला ठेवून एकच गोष्ट आधी बघावी. आपल्यापुरती गोष्ट जिवंत कधी होते? कोणाची एखाद्या जागेपासून होते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचताना कळतं की, माणदेशातली ती वाडी, तो उजाड माळ आधी आहे, आणि माणसं त्या मातीतून वर आली आहेत. कोणाची घटनेपासून होते. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ (१९८८) सारख्या कादंबरीला आधी कागदपत्रं, नकाशे, तारखा लागणार, लढाईचा शेवट काही लेखकाच्या हातात नाही. कोणाला एखादं दृश्य छळत राहतं. हा क्षण कोणता ते कळलं की बाकीचं काम त्याच्या भोवती लावून घेता येतं. ते कळेपर्यंत दुसऱ्याची वेळापत्रकं आपल्याला जाचतात.

माझ्यापुरतं सांगायचं तर गोष्ट जिवंत होते ती तोंडापासून. कोणीतरी काहीतरी बोलतं, आणि ते बोलणं त्याच माणसाचं असतं, दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते बसत नाही. हे माझ्या ध्यानात आणून दिलं उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने. १९६० ची ही कादंबरी. अमरावतीकडच्या गावातली कौतिक, तिचा शिंपीकाम करणारा नवरा महादेव, आणि संसार ओढताना तिची होणारी परवड. कौतिक वऱ्हाडीत बोलते. आमच्या घरी, आमच्या विहिरीवर जसं बोलतात तसं बोलते. शाळेतल्या धड्यांत आमची भाषा फक्त गड्यामाणसांच्या आणि विनोदी पात्रांच्या तोंडी यायची. इथे एक बाई त्या भाषेत विचार करत होती, झुरत होती, हिकमती लढवत होती. ते पुस्तक वाचल्यावर मी गाडीत कान उघडे ठेवायला लागले.

कान उघडे ठेवायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे जरा खोलात सांगते, कारण नवीन लिहिणारे इथेच घाई करतात. ते ऐकलेल्याचा अर्थ लिहून ठेवतात. ‘आज गाडीत एक दुःखी बाई भेटली.’ हे टिपण सहा महिन्यांनी काही कामाचं राहत नाही. मी वाक्य लिहिते, जसं पडलं तसं, आणि ते कोणी कोणाला म्हटलं ते लिहिते. एका टिपणात एवढंच आहे :

“कवा आली व?”

“पोट्टीचे पेपर हायेत.”

विचारणारी म्हातारी, उत्तर देणारी तिशीतली, मांडीवर मोठी पिशवी. कधी आलीस असं विचारलं होतं. ‘परवा’ किंवा ‘सोमवारी’ असं उत्तर यायला हवं. आलं ते भलतंच. ती कधी आली हे सांगायचं तिला टाळायचं आहे, आणि परत जावंच लागेल याचं कारण तिने आधीच तयार ठेवलं आहे. माहेरी किती दिवस काढले, का काढले, हे सगळं त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत आहे. मी जर तिच्या तोंडी घातलं असतं की, घरी भांडण झालं म्हणून महिनाभर आईकडे होते, तर वाचकाला करायला काही उरलंच नसतं. खरी माणसं विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर फार क्वचित देतात. कथेतला संवाद मेलेला वाटला तर मी पहिल्यांदा हे तपासते की, माझी पात्रं एकमेकांच्या प्रश्नांना फार शहाण्यासारखी उत्तरं देत आहेत का.

मोबाइलमध्ये बोलून लिहायची सोय आहे, पुष्कळजण ती वापरतात. मी ‘थो’ म्हटलं की पडद्यावर ‘तो’ उमटतं, ‘मले’चं ‘मला’ होतं. त्यामुळे टिपणं तरी वहीतच.

आता एक कथा कशी घडते आहे ते दाखवते.

आमच्या सिंदीचा तान्हा पोळा नावाजलेला आहे, शंभराहून जास्त वर्षांची परंपरा सांगतात. श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा. पोरं चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून आणतात, घरोघरी जाऊन बोजारा मागतात. सिंदीत मात्र पोरांच्या हातातल्या छोट्या बैलांसोबत मोठाले नंदीही निघतात, माणसाहून उंच, ओढायला चार-सहा जण लागावेत असे, पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेले. असा नंदी बघताना माझ्या मनात आलं की, दोन भाऊ वेगळे झाले, वावर वाटलं, घर वाटलं, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, तर नंदीचं काय? तो तर चिरता येत नाही. हे कोणाच्या घरी घडलेलं नाही, माझंच रचलेलं आहे.

कल्पना चांगली होती, आणि कल्पना चांगली असली की माणूस फसतो असा माझा अनुभव आहे. पहिला खर्डा असा सुरू झाला :

‘तान्ह्या पोळ्याचा दिवस उजाडला. पाटलांच्या घरातला पाच पिढ्यांचा नंदी यंदा कोणाच्या दारातून निघणार, याची साऱ्या गावाला उत्सुकता होती.’

पुढे नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून चालत आलेल्या तान्ह्या पोळ्याची हकीकत, तोरण, झडत्या, सगळं यथासांग. वाक्यं शुद्ध होती. पण बोलत कोण होतं? कोणीच नाही. ‘साऱ्या गावाला उत्सुकता’ हे वाक्य कोणत्याही गावाचं, कोणत्याही गोष्टीचं असू शकतं. मग थोरल्या भावाच्या तोंडून लिहून बघितलं. तो बोलायला लागला, पण प्रत्येक परिच्छेदात आपली बाजू मांडायला लागला, पंचांपुढे बसल्यासारखा. धाकट्याच्या पोराच्या तोंडून लिहिलं तर गोष्ट गोड झाली, पोराचं रडू आलं की वाचकाचंही येणार हे आधीच दिसत होतं, आणि ते मला नको होतं.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाची एकच कहाणी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशी सहा माणसं सांगतात. कादंबरीचा पसारा ते पेलतो. कथेत तेवढी जागा नसते. कथेत बहुतेक वेळा एकच तोंड निवडावं लागतं, आणि ते कोणाचं निवडावं? माझा ठोकताळा असा की, ज्याला या भांडणातलं काहीतरी असं ठाऊक आहे जे बाकी कोणालाच ठाऊक नाही, त्याचं. मी त्या घरात असं माणूस शोधत होते. दर वर्षी पोळ्याआधी तो नंदी पुसतं कोण? रंगवतं कोण? धाकटी सून. मग एका सकाळी, गुमगाव मागे पडल्यावर, हे आलं :

‘नंदीच्या मांगच्या उजव्या पायाले चीर हाये. थे या घरात मलेच मालूम. दरसाली पोळ्याच्या आंधी मले त्यात मेन भरा लागते, मंग वरून रंग. वाटन्या झाल्या तवा सारे बसले होते. भासरे होते, पोराचे बाबा होते, पंच होते. नंदी कोनाले द्यावा यावर दोन घंटे बोलले. चीर कोनाले दिसली नाई.’

या एका परिच्छेदाने कथेचं कथानक माझ्या हाती दिलं. जो कोणी हा नंदी जिद्दीला पेटून ओढेल, त्याच्या हातून पाय निखळणार. हे तिला माहीत आहे. सांगावं तर नंदी जुना झाला म्हणून कोणी घेणार नाही, आणि इतकी वर्षं का बोलली नाहीस म्हणून बोल तिलाच. न सांगावं तर भर बाजारात, साऱ्यांच्या देखत. आणि दिवस ठरलेला आहे, पंचांगातला आहे, पुढे ढकलता येत नाही. कोणाला तरी काहीतरी हवं असणं, त्याने काहीतरी दडवलेलं असणं आणि हातात वेळ कमी असणं, एवढ्यावर गोष्ट चालते. मी आधी आराखडा काढून हे मांडायला गेले असते तर मला चीर सुचली नसती. ज्यांना आराखड्यातूनच चीर सुचते त्यांनी खुशाल आधी आराखडा काढावा.

दुसरं असं झालं की, काय काढून टाकायचं ते आपसूक ठरलं. भोसल्यांचा इतिहास गेला, कारण ती बाई तो कशाला सांगेल? बोजारा राहिला, कारण पोरांना किती द्यायचे यावरून तिची आणि जाऊबाईची दर वर्षी धुसफूस होते. बोजारा म्हणजे काय हे मी कुठेही समजावून सांगितलेलं नाही. एक पोरगं ओसरीवर बसून नाणी मोजतं, कमी भरली म्हणून पुन्हा मोजतं. कोल्हापूरच्या नाहीतर पणजीच्या वाचकालाही तेवढ्यावर कळेल.

पूर्ण कथा तिच्याच बोलीत ठेवावी का, यावर मी बराच विचार केला. दोन-तीन पानं तशी वाचायला वाचक तयार असतो, वीस पानांवर दमतो, आणि दमलेला वाचक बोलीची मजा घेत बसतो, बाईचं दुःख त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तिच्या मनातलं जिथे थेट ऐकू यायला हवं तेवढेच तुकडे आणि सगळे संवाद वऱ्हाडीत. मधलं निवेदन साध्या मराठीत, पण तिच्या नजरेतून. शेळक्यांनी दाखवलेल्या वाटेवरूनच मी चालते आहे, आणि त्याचं ऋण सांगायला मला आनंद वाटतो.

गाडीत होतो तो कच्चा खर्डा. पक्कं काम घरी, रात्री, मोठ्याने वाचून. फ्लोबेर हा फ्रेंच कादंबरीकार आपली वाक्यं अक्षरशः ओरडून तपासायचा म्हणतात. मला ओरडावं लागत नाही, माझी जाऊ समोर असते. ती भाजी निसत बसते, मी वाचते. तिने आयुष्यात कथेची परीक्षणं वाचलेली नाहीत. पण कंटाळा आला की ती उठून गॅसवरचं बघून येते, आणि ती जिथे उठते तिथे मी समासात रेघ मारते. मराठीत एके काळी हे काम संपादक फार जीव लावून करायचे. ‘मौज’ आणि ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखी माणसं लेखकाला पत्रं लिहायची, अमुक जागी गोष्ट सुटते आहे, तमुक पात्र पुन्हा बघा म्हणून सांगायची. ‘सत्यकथा’ १९८२ ला बंद झाली. आज बहुतेक ठिकाणी कथा स्वीकारतात किंवा उत्तरच देत नाहीत. त्यामुळे आपल्या घरात, आपल्या डब्यात एक चांगला ऐकणारा शोधून ठेवणं ही नव्या लेखकाची पहिली गरज आहे. तो विद्वान नसला तरी चालेल. तो खोटं कौतुक करणारा नसावा.

आणखी एक सवय सांगते, जी मी प्रत्येक नव्या लिहिणाऱ्याला आग्रहाने लावायला सांगते. प्रत्येक कथेच्या वहीचं शेवटचं पान कोरं ठेवा. कथा संपली की तिथे लिहा : पहिलं वाक्य कोणतं सुचलं होतं, कुठे अडलं, किती दिवस अडलं, कशाने सुटलं. चार-पाच कथांची ही पानं शेजारी शेजारी ठेवली की आपली रीत आपल्याच अक्षरात दिसायला लागते. माझ्या पानांवर पुन्हा पुन्हा तेच आहे : माणूस बदलल्यावर सुटलं. कुठेही ‘शेवट सुचल्यावर सुटलं’ असं नाही. म्हणून अडलं की मी शेवटाच्या मागे लागत नाही, घरातलं दुसरं कोण बघत असेल ते शोधते. तुमच्या पानांवर निराळं निघेल. कोणाचं लिहिणं गाव सोडून लांब गेल्यावर सुटत असेल, कोणाचं हाताने पुन्हा नक्कल करताना. ते एकदा कळलं की वेळ आपोआप सापडतो. पंचवीस मिनिटंही पुरतात, कारण बसल्यावर पहिलं काय करायचं ते ठाऊक असतं.

मराठीत १९०९ ला ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या वर्षाला एक मुदत मिळाली आहे. मुदत ही रीतीचाच भाग आहे, ती नसती तर माझ्या अर्ध्या कथा वहीतच राहिल्या असत्या. नंदीची कथा या जुलैअखेर एका अंकाकडे जायची आहे. परवा जावेपुढे ती पहिल्यांदा सलग वाचली. ती एकदाही उठली नाही. वाचून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, “मेन आनते कुठून थे?”

खरंच, कुठून आणते? विकत आणलं तर घरात विचारतील, कशाला आणलं. म्हणून आता एक नवा प्रसंग लिहिते आहे. लाइट गेल्यावर लावलेल्या मेणबत्त्यांची बुडखी ती वर्षभर गोळा करते, हळदीच्या रिकाम्या डबीत लपवते, आणि एक दिवस ती डबी जाऊबाईच्या हाती लागते. म्हणजे चीर आता दोघींना माहीत होणार. त्याने शेवट बदलतो. मिरवणुकीत दोर कोणाच्या हातात असेल, हे मला पुन्हा पहिल्यापासून बघावं लागणार आहे.